पिंजरा आणि पत्रा

मामा : या शर्यतीच्या गाडीचे दिवे खोटे आहेत गं. छापील स्टिकर चिकटवलाय नुसता. दार उघडत नाही, आत शिरायचं तर खिडकीतून. आणि नाव लावायचं शेव्हरोले?

मी : नाव त्यांचं, चेहरामोहरा त्यांचा, इंजिनाचा आराखडाही त्यांचा. बाकी शोरूममध्ये जी कमारो मिळायची तिच्याशी हिचं काही नातं नाही.

मामा : मग ही बनवली कुणी?

या प्रश्नावरून आमचा वाद सुरू झाला. मामांची हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली, लेथवर आणि वेल्डिंगच्या काचेमागे. ज्या मशिनचा भाग आपल्या हातून उतरला नाही ते मशिन आपलं नाही, असं ते मनापासून मानतात. मी नॉर्थ कॅरोलायनात शार्लटजवळ राहते. सांगाड्यांवर येणारे भार संगणकावर मोजणं हे माझं काम. नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक गाड्यांच्या, शर्यतीत उतरणाऱ्या बहुतेक संघांच्या कार्यशाळा याच टापूत, कॉन्कॉर्ड, मूर्सव्हिल, हंटर्सव्हिल या गावांत आहेत. मामा इकडे आले तेव्हा शार्लटच्या नॅस्कार हॉल ऑफ फेममध्ये आम्ही गेलो आणि जुन्या-नव्या गाड्यांपुढे उभं राहून तासन् तास बोललो. मामांचं म्हणणं मला सगळं पटत नाही, पण ते बाजूला सारण्याजोगंही नाही, म्हणून ते जवळपास त्यांच्याच शब्दांत देते आहे.

मी : सुरुवातीला ही खरोखर शोरूमचीच गाडी होती. बिल फ्रान्स यांनी १९४८ साली डेटोना बीचला नॅस्कार ही संस्था उभी केली. पुढच्या वर्षी १९ जूनला याच शार्लटला, पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर, पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत झाली. तेहतीस गाड्या होत्या. गाडी कंपनीतून आली तशीच पळवायची, हा नियम. ग्लेन डनवे १९४७ च्या फोर्डमधून पहिला आला. शर्यतीनंतर तपासणी झाली तेव्हा मागचे पाटे बदललेले निघाले. त्याला बाद केलं आणि लिंकन पळवणाऱ्या जिम रोपरला विजेता ठरवलं.

मामा : पाटे कशासाठी बदलले होते?

मी : ती गाडी चोरट्या दारूच्या वाहतुकीची होती. डिकीत दारू भरली की मागचा भाग बसतो आणि वळणावर गाडी डोलते, शिवाय पोलिसांना लांबून कळतं. म्हणून पाटे कडक केलेले. गाडीचा मालक दहा हजार डॉलरचा दावा घेऊन कोर्टात गेला. न्यायाधीशांनी दावा फेटाळला.

मामा : म्हणजे पहिल्याच शर्यतीत कारागीर जिंकला आणि कागदाने त्याला हरवलं.

मी : मला त्यात दुसरं दिसतं. पुढे येणाऱ्या माणसाच्या गाडीखाली कुणीतरी वाकून बघणार, हे पहिल्याच दिवशी ठरलं. तेवढं ठरलं नसतं तर हा खेळ टिकला नसता.

मामांनी यावर मान हलवली नाही. ते एका साठच्या दशकातल्या गाडीच्या खिडकीतून आत बघत होते. शोरूमची गाडी शर्यतीत का टिकत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. रोजच्या वापरासाठी बनवलेला हब, चाक, स्टीअरिंगचा सांधा तासन् तास एकाच बाजूला दाबला गेला की तुटतोच. हडसन कंपनीने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या हॉर्नेट गाडीसाठी जादा मजबूत भाग अधिकृत यादीत घालून विकायला काढले, आणि ‘स्टॉक’ या शब्दाच्या आत राहूनच शर्यती जिंकल्या. एकेक भाग असा बदलत गेला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सांगाडे शर्यतीसाठीच बांधले जाऊ लागले. कंपनीचं म्हणून वरचं कवच तेवढं राहिलं.

मी : काही बदल हुशारीतून आले, काही मरणातून. १९६४ साली इथल्याच वर्ल्ड ६०० शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी पेटली. भाजलेल्या अवस्थेत तो पाच-सहा आठवडे झगडला आणि जुलैत गेला. त्यानंतर पत्र्याच्या टाकीच्या जागी रबरी पिशवीची टाकी आली, जी धडकेत फाटत नाही. समोरच्या काचेमागे मधोमध ही उभी नळी दिसते? हिला अर्नहार्ट बार म्हणतात. १९९६ साली टॅलाडेगाला नामवंत चालक डेल अर्नहार्टची गाडी उलटली आणि मागच्या गाड्या तिच्यावर आदळल्या. त्यानंतर ही नळी आली.

मामा : आणि छतावर या दोन झडपा?

मी : १९९४ पासून. गाडी वेगात उलटी फिरली, म्हणजे डिकी पुढे झाली, की छतावरून जाणारी हवा गाडीला विमानाच्या पंखासारखी उचलते. त्याच हवेचा कमी झालेला दाब या झडपा उघडतो आणि त्या उचल मोडतात. वायर नाही, मोटार नाही, बटण नाही.

मामा : हे ज्याला सुचलं त्याला नमस्कार. बघ की, हे काम कार्यशाळेत उभं राहिल्याशिवाय सुचत नाही.

इथून पुढे मामा खुलले. जुनी स्टॉक कार कशी उभी राहायची, हे त्यांना तपशिलात हवं होतं, आणि सांगताना मलाच जाणवलं की त्यातली निम्मी कामं त्यांच्या हातची आहेत. कार्यशाळेच्या मधोमध तासून समतल केलेलं लोखंडी टेबल, त्यावर जिग, म्हणजे भाग जागेवर धरणारा सापळा. चौकोनी नळ्यांचे दोन्ही बाजूंचे रेल आधी बांधायचे. त्यावर पावणेदोन इंच व्यासाच्या, सुमारे २.३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळ्यांचा पिंजरा. नळी वाकवताना चपटी होता कामा नये. जिथे एक नळी दुसरीला भेटते तिथे टोकाला समोरच्या गोलाईचा घास काढायचा आणि सांधा कागद जाणार नाही असा बसवायचा. चालकाच्या बाजूच्या दाराला चार आडव्या नळ्या, बाहेरच्या बाजूला फुगवलेल्या, म्हणजे धडकेत आत येण्याआधी त्यांना सरळ व्हावं लागतं.

मामा : आणि वेल्डिंग एका टोकाकडून दुसऱ्याकडे करायचं नाही. आधी सगळीकडे टाके. मग डावीकडे एक, उजवीकडे एक, वर एक, खाली एक. नाहीतर सांगाडा पीळ खातो, आणि तो पीळ नंतर काढता येत नाही.

मी : इथेही तेच करायचे. पुढचा आणि मागचा भाग, ज्याला क्लिप म्हणतात, धडकेत गेला तर कापून नवा जोडायचे. मग पत्रा. छत, बॉनेट, डिकीचं झाकण कंपनीकडून यायचं. बाकीचा सगळा पत्रा कारागीर इंग्लिश व्हीलवर फिरवून हाताने घडवायचे. एकेका गाडीच्या अंगाला कित्येक दिवस लागायचे.

मामा : आणि माप कसं तपासायचे?

मी : अॅल्युमिनियमचे टेम्प्लेट. गाडीवर ठेवायचे आणि फट बघायची. पण टेम्प्लेट ठरावीक जागी बसतात, दोन टेम्प्लेटच्या मधला पत्रा मोकळा. तिथे कारागिरांनी कमाल केली. ओव्हल ट्रॅकवर गाडी सतत डावीकडे वळते आणि वळताना किंचित तिरकी धावते. उजव्या कुशीवर आदळणारी हवा तिला आत ढकलते. म्हणून २००० नंतरच्या काही वर्षांत गाड्या वाकड्याच बांधू लागले. नाक मध्यरेषेवरून सरकलेलं, एक कूस फुगलेली. समोरून बघितलं तर दोन बाजू जुळायच्या नाहीत.

मामा : वा! बघणाऱ्याला वाकडी दिसते आणि धावताना सरळ. याला म्हणायचं हातकाम.

मी : मामा, त्या हातकामासाठी मोठे संघ पवनबोगद्यात तासांवर तास विकत घेत होते. छोट्या संघाला ते परवडत नव्हतं. आणि त्याच काळात माणसं मरत होती. मे २००० मध्ये अॅडम पेटी, जुलैत केनी अर्विन, ऑक्टोबरमध्ये टोनी रोपर, आणि १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत खुद्द डेल अर्नहार्ट. नऊ महिन्यांत चार. मान आणि डोकं खांद्याशी बांधून धरणारं हान्स हे उपकरण ऐंशीच्या दशकात रॉबर्ट हबर्ड यांनी तयार करून ठेवलेलं होतं. वापरायचं की नाही हे ज्याचं त्याच्यावर होतं. अर्नहार्टने वापरलं नव्हतं. अशा उपकरणाची सक्ती झाली ती ऑक्टोबर २००१ मध्ये.

मामा काही वेळ बोलले नाहीत.

मामा : ती सक्ती बरोबर आहे. हेल्मेट, पट्टा, जाळी, यात मोकळीक नको. माझ्याही वर्कशॉपमध्ये गॉगल घातल्याशिवाय ग्राइंडरला हात लावू दिला नाही कुणाला. पण गॉगल सक्तीचा केला म्हणून जॉबही एकाच दुकानातून विकत आणा, असं मी म्हणालो नाही.

वादाचा खरा गाभा इथे आहे. २००७ साली नॅस्कारने ‘कार ऑफ टुमारो’ आणली. चालकाची जागा मध्याकडे सरकवली, दाराच्या नळ्यांपलीकडे धक्का शोषणारा फोम भरला, आणि सुट्या टेम्प्लेटऐवजी सगळी गाडी एकदम धरणारा एकच मोठा साचा वर बसू लागला. वाकड्या गाड्यांचा काळ तिथे संपला. ही गाडी दिसायला कुरूप होती, चालकांना आवडली नाही, पण तिच्यात आणि तिच्यानंतर आलेल्या गाड्यांत कप मालिकेच्या, म्हणजे नॅस्कारच्या अव्वल मालिकेच्या, शर्यतीत कुणी दगावलेलं नाही. माझ्या लेखी या वाक्यापुढे बाकीचे मुद्दे दुय्यम आहेत. २०२२ साली नॅस्कार आणखी पुढे गेली. ‘नेक्स्ट जेन’ गाडीत सांगाडा मधला, पुढचा आणि मागचा अशा तीन भागांत येतो आणि ते बोल्टने जोडतात. तिन्ही भाग सगळ्या संघांना एकाच पुरवठादाराकडून घ्यावे लागतात. अंगाचे कार्बन फायबरचे पॅनेल एकाकडून, गिअरबॉक्स एकाकडून, ब्रेक, चाकं, शॉक अॅब्सॉर्बर, स्टीअरिंगचा रॅक, प्रत्येक गोष्ट एकेका ठरलेल्या कंपनीची. दोन्ही कुशी सारख्या. साठच्या दशकातल्या शेव्हरोले पिकअपवरून घेतलेलं मागचं सस्पेन्शन, जे २०२१ पर्यंत चालत होतं, ते जाऊन दोन्ही चाकं स्वतंत्र झाली. पाच नटांचं पंधरा इंची लोखंडी चाक गेलं; मधोमध एकच मोठा नट असलेलं अठरा इंची अॅल्युमिनियमचं चाक आलं.

मामा : म्हणजे खोकं उघडायचं आणि जोडायचं. फॅब्रिकेटर काय करतो मग?

मी : बरेच जण गेले. ते दुःखद आहेच. पण त्याच वर्षी एकोणीस वेगवेगळे चालक शर्यत जिंकले. ट्रॅकहाउससारखा नवा संघ दुसऱ्याच वर्षी जिंकला. हाताने पत्रा घडवणारे शंभर कारागीर ठेवायची ऐपत नसलेल्याला दार उघडलं.

मामा : एकोणीस म्हणजे विक्रम का?

मी : विक्रमाशी बरोबरी. आधीचा २००१ चा.

मामा : २००१ ला गाड्या कशा बनायच्या?

मी : हाताने.

मामा : मग झालं तर.

हा मुद्दा त्यांचा, आणि तो बिनतोड आहे. जिंकणाऱ्यांची संख्या दाखवून एकसारख्या गाडीची बाजू मांडता येत नाही. पण जुलै २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो ट्रॅकवर चोवीस तासांत जे घडलं त्यात दोन्ही बाजू जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या इतर कुठे दिसत नाहीत. २३ तारखेला पात्रता फेरीत २००४ चा मालिका-विजेता कर्ट बुश मागच्या बाजूने भिंतीवर आदळला.  त्याच्या मेंदूला मार बसला. तो त्या वर्षी परतला नाही, आणि पुढे निवृत्तच झाला. त्याच हंगामात अॅलेक्स बोमनही मागच्या धडकेनंतर अनेक शर्यतींना मुकला. मागचा क्लिप गरजेपेक्षा ताठ होता.

मामा : ताठ होता म्हणजे दबला नाही. दबला नाही म्हणजे सगळा दणका माणसाला. हे तर वेल्डिंगच्या पोऱ्यालाही कळतं. जाड नळी म्हणजे मजबूत नळी, ही समजूत आहे. कुठे तुटायचं हे आधी ठरवावं लागतं.

मी : चालक आधीपासून सांगत होते की मागची धडक जुन्या गाडीपेक्षा जोरात लागते.

मामा : आणि एकाही संघाला नळी कापायची परवानगी नव्हती. बारा वर्कशॉप असती तर बारा प्रकारचे मागचे भाग झाले असते. त्यातला एखादा मऊ निघाला असता, त्याचा चालक उठून चालत गेला असता, आणि उरलेल्या अकरांनी दुसऱ्या दिवशी तो उचलला असता. तुम्ही सगळ्यांना एकच चूक वाटली.

मी : आणि दुरुस्तीही सगळ्यांना एकदम वाटली. २०२३ च्या गाडीत मागच्या काही नळ्या काढल्या, काहींची जाडी कमी केली. त्यासाठी आधी संगणकावर आणि मग प्रत्यक्ष गाडी आदळून तपासणी झाली. तुमच्या बारा वर्कशॉपांत मऊ भाग कुठला आणि कमकुवत कुठला हे कसं कळणार? ते चालकाच्या जिवावर तपासणं झालं. २००० साली तेच चाललं होतं.

मामा : चाललं होतं. तुझं ते खरं. पण हे आधी आदळून का नाही बघितलं?

मी : बघितलं होतं. संगणकावर आणि प्रत्यक्षही.

मामा : मग ज्याने बघितलं त्याच्या शेजारी एक जुना फॅब्रिकेटर बसवायला हवा होता.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आकडे माझ्या कामाचे आहेत, तरी नळी हातात धरून वाकवलेल्या माणसाचं मत त्या आकड्यांच्या आधी विचारलं जावं, असं मलाही वाटतं.

दुसरा दिवस, २४ जुलै. डेनी हॅमलिन पहिला आला, काइल बुश दुसरा. तपासणीत दोघांच्याही गाड्यांच्या नाकावर, रंगीत आवरणाखाली, चिकटपट्टीचे जादा थर सापडले. दोघेही बाद, आणि विजय चेस एलियटला. १९६० नंतर कप मालिकेत विजेत्याला असं बाद करण्याची ही पहिलीच वेळ. दोघांच्या संघाने हवेसाठी पत्र्यावर करता येईल तेवढं करून बघितलं होतं. फक्त पत्रा आता कुणाचाच राहिला नव्हता, म्हणून चिकटपट्टी. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ठरावीक पुरवठ्याच्या भागात फेरफार केला म्हणून ब्रॅड केसेलोस्कीचे शंभर गुण कापले गेले होते आणि त्याच्या गाडीच्या प्रमुखाला, म्हणजे क्रू चीफला, एक लाख डॉलरचा दंड झाला होता.

मामा : आणि विकत आणलेला भाग नीट बसलाच नाही तर? कानस मारायची नाही?

मी : तेही झालं. मार्च २०२३ मध्ये फिनिक्सला हेंड्रिकच्या चारही गाड्यांवरून बॉनेटच्या जाळ्या काढून घेतल्या. मिळालेला भाग मुळात मापात नव्हता, असं संघाचं म्हणणं. अपिलात कापलेले गुण परत मिळाले, दंड मात्र चौघा क्रू चीफचा कायम राहिला, प्रत्येकी एक लाख डॉलर.

मामा : कानशीचे लाख डॉलर! अगं, जॉब हातात आला की दोन सूत इकडे, अर्धं सूत तिकडे, हे बघणं म्हणजे फिटरचं काम. ते गुन्हा ठरवलं तर फिटर कुठला शिकणार? दहा वर्षांनी चांगली नळी वाकवणारा माणूस लागला तर कुठनं आणणार?

आत्ता-आत्तापर्यंत इंजिनाकडे मामांचं लक्ष गेलं नव्हतं. हाच एक मोठा भाग अजून इंजिन बांधणाऱ्या कार्यशाळांच्या हातात बऱ्यापैकी आहे, हे ऐकल्यावर ते थांबले. ३५८ घनइंचांचा, म्हणजे जवळजवळ ५.९ लिटरचा व्ही-८. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड, टर्बो नाही. मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो. २०२२ साली बहुतेक ट्रॅकवर तो ६७० अश्वशक्तीवर आणून ठेवला होता. हेड अॅल्युमिनियमची.

मामा : आणि ब्लॉक?

मी : बिडाचा. कॉम्पॅक्टेड ग्राफाइट आयर्न वापरतात, म्हणून भिंती पातळ ठेवता येतात.

मामा : सीजी! आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना विचार ते ओतणं काय असतं. मॅग्नेशियम जरा जास्त पडलं की एसजी, म्हणजे गोल ग्राफाइटचं बीड होऊन बसतं, जरा कमी पडलं की ग्रे, म्हणजे साधं बीड. मधली पट्टी इतकी अरुंद. रस साच्यात जायच्या आधी दर वेळी बघावं लागतं. म्हणजे इथे नियमाने काय ठरवलंय? आकारमान, धातू, वजन. आणि ते साधायचं कसं हे करणाऱ्यावर सोडलंय. मग हेच मागच्या भागाला का नाही? धडकेत किती दबायचं, किती जोर चालकापर्यंत पोचायचा, ते लिहून द्या. नळी कशी लावायची ते आम्ही बघतो.

मी : आणि प्रत्येक संघाच्या प्रत्येक नमुन्याची गाडी आदळून बघायचा खर्च? छोटा संघ तिथेच संपेल. सस्पेन्शनचे आर्म मोकळे करा म्हणाल तर मी तुमच्या बाजूने बोलेन. बॉनेटची जाळी, तळाचे काही भाग, अंगाचे पॅनेल, यांनाही मोकळीक देता येईल, ठरलेल्या मापांच्या आत. पण चालकाभोवतीचा पिंजरा आणि त्याच्या पुढचे-मागचे क्लिप नाही. ते सगळ्यांचे एकच असावेत, आणि आणखी कितीतरी जास्त वेळा आदळून बघितलेले असावेत.

मामा : पिंजरा मी कुठे मागतोय? तो घ्या एका दुकानातून. मी पत्रा मागतोय. त्याला किती टेम्प्लेट लावायचे ते लावा, शंभर लावा, पण घडवू द्या.